सदिशमूल्य फलनाची श्रेढी कशी मांडावी: कोकणच्या भरती-ओहोटीवरून पायरीपायरीने

डहाणूपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर या क्षणी पाण्याची पातळी किती, याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. मुंबईला ती एक असते, रत्नागिरीला दुसरी, वेंगुर्ल्याला तिसरी. खरं उत्तर म्हणजे किनाऱ्याच्या लांबीवर काढलेली अख्खी वक्ररेषा, आणि वेळ सरकते तशी तीही बदलते. वेळेचा आकडा आत घातला की बाहेर वक्ररेषा येते. अशा फलनाला सदिशमूल्य फलन म्हणतात, कारण त्याची किंमत संख्या नसून एखाद्या अवकाशातला सदिश असते.

हा लेख एम.एस्सी.ला फंक्शनल ॲनालिसिस नुकतं सुरू झालेल्यांसाठी आहे. बानाख अवकाश, हान-बानाख आणि एकसमान बद्धतेचं प्रमेय माहीत आहे असं धरलं आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. आकडेमूल्य फलनाच्या श्रेढीत सहगुणकाचं जे सूत्र असतं, तेच सदिशमूल्य फलनाला बहुधा जसंच्या तसं लागू पडतं. अभिसरणाची हमी मात्र त्याच्याबरोबर आपोआप येत नाही. नवख्यांच्या जवळपास सगळ्या चुका या एका जागी होतात.

खुणा अशा: ट म्हणजे वेळ, स म्हणजे किनाऱ्यावरची जागा, य म्हणजे बानाख अवकाश, आणि फ(ट) म्हणजे ट या वेळेचा य मधला सदिश. फ(ट)(स) हा मात्र साधा आकडा: ट वेळेला स जागी असलेली पातळी.

पायरी १: अवकाश आणि नॉर्म आधी ठरवा

फक्त मुंबई, रत्नागिरी, मालवण आणि वेंगुर्ला ही चार बंदरं घेतली तर य चार मितींचा होतो. मग चार वेगवेगळी आकडेमूल्य फलनं हाताळा, काम संपलं. नवा प्रश्न अनंत मितींतच येतो.

अख्खा किनारा घेतला तर दोन सरळ पर्याय आहेत. एक म्हणजे संतत फलनांचा अवकाश, कमाल नॉर्मसह. इथे चूक मोजायची ती किनाऱ्यावरच्या सगळ्यात वाईट जागी. दुसरा म्हणजे वर्ग-सरासरीचा हिल्बर्ट अवकाश. इथे एखाद्या अरुंद खाडीच्या तोंडाशी मीटरभर चूक राहिली तरी सरासरीत ती विरघळून जाते. होडी खाडीत घालायची असेल तर पहिलाच नॉर्म कामाचा. गणिताच्या बाजूने दुसरा कितीतरी सोयीचा, हे पाचव्या पायरीत दिसेल. निवड आधी करून कागदावर लिहून ठेवा, कारण पुढचं प्रत्येक ‘अभिसारी’ त्या नॉर्मबद्दलच बोलत असतं.

पायरी २: सातत्य नॉर्ममध्ये आहे का, ते पाहा

प्रत्येक बंदरावर पातळी वेळेनुसार संथपणे बदलते, म्हणून फ संतत आहे, असं म्हणायचा मोह होतो. तेवढं पुरत नाही. हे उदाहरण हाताने सोडवा. ट आणि स दोन्ही ० ते १ मध्ये घ्या.

फ(ट)(स) = २टस / (ट² + स²), आणि फ(०) = ०.

स पक्का धरला तर हे ट चं संतत फलन आहे. ट शून्याकडे गेला की किंमतही शून्याकडे जाते. पण स = ट घातलं की किंमत १ येते, ट कितीही छोटा असो. म्हणजे फ(ट) आणि फ(०) यांच्यातलं कमाल नॉर्मचं अंतर नेहमी १ राहतं. उंचवटा शून्याकडे सरकत जातो, पण खाली बसत नाही. हे फलन दुर्बल अर्थाने संतत आहे (य वरचा कोणताही संतत रेषीय फंक्शनल लावला तर मिळणारं आकडेमूल्य फलन संतत), पण नॉर्ममध्ये नाही.

कमाल नॉर्म घेतला असेल तर तपासायची अट ही: पातळी (ट, स) या जोडीची मिळून संतत असली पाहिजे. वेळेचा आणि जागेचा पट्टा दोन्ही बंद आणि मर्यादित असले की एवढ्यावर नॉर्ममधलं सातत्य मिळतं.

पायरी ३: पहिली श्रेढी फाबर-शाउडरची काढा

बहुतेक जण थेट फूर्ये श्रेढीकडे धावतात. सुरुवात तिथून करू नये. तंबू फलनांची श्रेढी सोपी आहे, तिचे सहगुणक काढायला इंटिग्रल लागत नाही, आणि ती कोणत्याही बानाख अवकाशात चालते. युलिउश शाउडर यांनी १९२७ मध्ये संतत फलनांसाठी बेसिसची (ज्यांच्या श्रेढीने प्रत्येक सदिश एकाच प्रकारे लिहिता येतो अशा सदिशांची) कल्पना मांडली, तेव्हा हेच उदाहरण मध्यवर्ती होतं.

वेळ ० ते १. पहिली दोन फलनं: स्थिर १ आणि ट. त्यानंतर तंबू: मध्यबिंदूवर १, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ०, मध्ये सरळ रेषा, बाहेर सगळीकडे ०. पहिला तंबू अख्ख्या पट्ट्यावर, मग दोन अर्ध्यांवर एकेक, मग चार पावांवर, असं पुढे. सहगुणक असे:

स्थिर १ चा सहगुणक फ(०), ट चा फ(१) − फ(०), आणि प्रत्येक तंबूचा: फ(मध्य) − ½(फ(डावं टोक) + फ(उजवं टोक)).

यात फक्त किमतींची बेरीज, वजाबाकी आणि निमपट आहे. ती सदिशांवरही होते, म्हणून सूत्राचं एक अक्षर बदलावं लागत नाही. सहगुणक आता य मधले सदिश आहेत.

करून पाहू. फ(ट)(स) = १/(१ + टस) घ्या, कमाल नॉर्मसह. स्थिर १ चा सहगुणक म्हणजे सगळीकडे १ किंमत असलेली वक्ररेषा. ट चा सहगुणक −स/(१ + स), नॉर्म ½. पहिल्या तंबूचा सहगुणक −स²/(२(१ + स)(२ + स)); तो स = १ ला सगळ्यात मोठा, नॉर्म १/१२. पुढच्या दोन तंबूंच्या सहगुणकांचे नॉर्म १/३० आणि १/८४. ही तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर पुढे जाऊ नका. बहुधा टोकांच्या सरासरीत निमपट करायची राहिलेली असते.

आता चूक मोजा. ०, ¼, ½, ¾, १ या पाच बिंदूंपर्यंतची आंशिक बेरीज म्हणजे त्या बिंदूंवरच्या वक्ररेषांना सरळ जोडणारं अंतर्वेशन. बिंदूंमधलं अंतर अ असेल तर चूक अ²/८ गुणिले दुसऱ्या अवकलजाच्या कमाल नॉर्मपेक्षा जास्त नसते. इथे दुसऱ्या अवकलजाचा कमाल नॉर्म २ आहे, म्हणून मर्यादा १/६४. प्रत्यक्षात ट = ⅛ आणि स = १ या ठिकाणी चूक १/९० भरते. बिंदू दुप्पट करा, मर्यादा चौथ्या हिश्श्यावर येईल.

हे अ²/८ सिद्ध करताना एक खड्डा आहे. आकडेमूल्य फलनासाठी मध्यमूल्य प्रमेय वापरतो, आणि तेच सदिशासाठी लिहिलं की सिद्धता चुकते. वर्तुळावर एक फेरी पूर्ण करणाऱ्या बिंदूचा सुरुवातीचा आणि शेवटचा सदिश सारखाच असतो, म्हणजे फरक शून्य. पण वेग कुठेच शून्य होत नाही. सदिशांसाठी बरोबरीचं मध्यमूल्य प्रमेय नाही, फक्त असमानता आहे. मार्ग असा: नॉर्म १ चा फंक्शनल ल घ्या, ल(फ(ट)) हे आकडेमूल्य फलन झालं, त्याला नेहमीचं अनुमान लावा, आणि मग सगळ्या ल वर मोठ्यात मोठी किंमत घ्या. हान-बानाखमुळे ती नॉर्मच असते.

फ फक्त संतत असेल, अवकलज नसतील, तरी श्रेढी फ कडेच जाते, कारण बंद पट्ट्यावरचं संतत फलन एकसमान संतत असतं. दुसऱ्या पायरीतलं सरकत्या उंचवट्याचं फलन घेतलं तर मात्र श्रेढी कोसळते. बिंदूंमधलं अंतर अ धरा आणि ट = अ/१०, स = अ/१० या ठिकाणी पाहा: खरी किंमत १, अंतर्वेशनाची ०.०२ च्या किंचित खाली. अ कितीही लहान केला तरी ही ०.९८ ची चूक हलत नाही. प्रत्येक बंदरावर वेगवेगळं पाहिलं तर मात्र श्रेढी व्यवस्थित अभिसारी दिसते. म्हणूनच दोन-चार ठिकाणचे आलेख जुळले म्हणून समाधान मानू नये.

पायरी ४: तीन तपासण्या

कोणत्याही बेसिससाठी आकड्यांवरून सदिशांवर जाताना हीच रीत वापरा.

पहिली, सहगुणकाच्या सूत्राला य मध्ये अर्थ आहे का? किमती किंवा अवकलज असतील तर सरळ आहे. इंटिग्रल असेल तर बोखनर इंटिग्रल (लेबेग इंटिग्रलचं सदिशमूल्य रूप) अस्तित्वात आहे हे दाखवावं लागतं. पेटिसच्या प्रमेयानुसार त्यासाठी दुर्बल मेयता आणि जवळपास सगळ्या किमती एका विभाज्य (सेपरेबल) उपअवकाशात असणं, दोन्ही हवं. शिवाय नॉर्मचा इंटिग्रल सांत हवा. फ(ट) म्हणजे ० ते ट या पट्ट्यावर १ आणि पुढे ०, आणि य म्हणजे एल-अनंत अवकाश, असं घेतलं तर कोणत्याही दोन किमतींमधलं अंतर १ येतं, आणि विभाज्यता तिथेच संपते.

दुसरी, आंशिक बेरजा काढणारे ऑपरेटर एकसमान बद्ध आहेत का? आकडेमूल्य फलनांत हे एकसमान बद्धतेच्या प्रमेयातून फुकट मिळतं. सदिशमूल्य फलनांचा नॉर्म ‘सगळ्या ल वर ल(फ) च्या नॉर्मची कमाल’ असा लिहिता येत असेल, तर तोच स्थिरांक इकडेही चालतो. संतत फलनांचा कमाल नॉर्म असाच आहे. लॉरां श्वार्ट्झ यांच्या ईप्सिलॉन-गुणाकाराचा (दोन अवकाशांतून नवा अवकाश बांधायच्या रीतीचा) गाभा हाच आहे.

तिसरी, दाट उपसंच. ‘आकडेमूल्य फलन गुणिले पक्का सदिश’ अशा पदांच्या सांत बेरजांवर अभिसरण उघड असतं. अशा बेरजा आपल्या अवकाशात दाट आहेत का? बंद पट्ट्यावरच्या संतत फलनांत आहेत.

तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर श्रेढी चालते. य ला स्वतःचा बेसिस असायची गरज नाही, आणि इथेच अनेक जण गोंधळतात. पेर एन्फ्लो यांनी १९७३ मध्ये बेसिस नसलेला विभाज्य बानाख अवकाश प्रसिद्ध केला (याच्याशी निगडित एका प्रश्नासाठी माझुर यांनी १९३६ मध्ये जिवंत हंसाचं बक्षीस लावलं होतं आणि ते एन्फ्लो यांना मिळालंही). त्या अवकाशात किमती घेणाऱ्या संतत फलनालाही फाबर-शाउडर श्रेढी आहेच. बेसिस लागतो तो आकडेमूल्य फलनांच्या अवकाशाला.

पदांचा क्रम मात्र बदलू नका. फाबर-शाउडर बेसिस क्रमनिरपेक्ष नाही. सॅम्युअल कार्लिन यांनी १९४८ मध्ये दाखवलं की ० ते १ वरच्या संतत फलनांच्या अवकाशाला तसा बेसिस असूच शकत नाही. आणि क्रम बदलता येतो म्हणजे नॉर्मची बेरीज सांत आहे, असंही नाही. एल-टू मध्ये (वर्गांची बेरीज सांत असलेल्या क्रमिकांच्या अवकाशात) न व्या घटकावर १/न आणि बाकी शून्य असे सदिश घ्या: कोणत्याही क्रमाने बेरीज तीच येते, पण नॉर्मची बेरीज १ + ½ + ⅓ + … अनंताकडे जाते. द्वोरेत्स्की आणि रॉजर्स यांनी १९५० मध्ये सिद्ध केलं की प्रत्येक अनंतमितीय बानाख अवकाशात अशी श्रेढी असते.

टेलर श्रेढीबद्दल थोडक्यात. संमिश्र चलाचं फलन दुर्बल अर्थाने होलोमॉर्फिक असेल तर बानाख अवकाशात ते नॉर्मच्या अर्थानेही असतं, आणि कोशीच्या सूत्राने सहगुणक मिळतात. तिथे आकड्यांची सवय क्वचितच धोका देते.

पायरी ५: फूर्ये श्रेढी, जपून

क व्या सहगुणकाचं सूत्र तेच: फ ला क वारंवारतेच्या उलट फिरणाऱ्या घातांकी फलनाने गुणून एका आवर्तनावर सरासरी. पहिली तपासणी सहज पार पडते, दुसरी अडते.

य हिल्बर्ट असेल तर पार्सेव्हालची समता टिकते. इतरत्र कशी मोडते ते पाहा. शंभर घटकांचा सदिश घ्या, पहिल्या घटकात १ वारंवारतेचं घातांकी फलन, दुसऱ्यात २ चं, असं शंभरपर्यंत. प्रत्येक सहगुणक म्हणजे एका घटकात १, बाकी ०. सहगुणकांच्या नॉर्मच्या वर्गांची बेरीज १००. कमाल नॉर्म घेतला तर फ चा नॉर्म प्रत्येक क्षणी १, म्हणजे वर्गाची सरासरी १. घटकांच्या बेरजेचा नॉर्म घेतला तर ती १०,०००. एकीकडे शंभरपट कमी, दुसरीकडे शंभरपट जास्त. स्तानिस्वाव क्वापिएन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की पार्सेव्हाल एखाद्या स्थिरांकाच्या फरकाने जरी टिकलं, तरी तो अवकाश हिल्बर्टशी समरूपच असतो.

अभिसरणाची गोष्ट आणखी बारीक आहे. पाण्याने वेढलेलं बेट डोळ्यासमोर आणा, जंजिऱ्यासारखं, आणि स हा त्याभोवतीचा कोन धरा. फ(ट)(स) = ग(ट + स), म्हणजे ग या आकाराची लाट बेटाभोवती फिरते आहे. फ ची न पर्यंतची आंशिक बेरीज म्हणजे ग ची आंशिक बेरीज, तशीच फिरणारी. त्यामुळे कमाल नॉर्ममधली चूक प्रत्येक क्षणी एकच: ग ची एकसमान चूक. द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८७३ मध्येच असं संतत ग दिलं होतं, ज्याच्या आंशिक बेरजा एका बिंदूवर अमर्याद वाढतात. ते घेतलं तर वेळेवर सरासरी काढूनही सुटका नाही, कारण चूक सगळ्या वेळी तेवढीच आहे. प्रत्येक जागी वेगळं पाहिलं तर मात्र वर्ग-सरासरीत श्रेढी चोख अभिसारी दिसते.

एल-पी अर्थाने (पी १ पेक्षा मोठा आणि सांत) सगळ्या फूर्ये श्रेढी अभिसारी होतात ते फक्त यूएमडी (मार्टिंगेल-फरक क्रमनिरपेक्ष असलेल्या) अवकाशांत. बर्कहोल्डर आणि बुर्गें यांच्या १९८३ च्या कामातून हे ठरलं. हिल्बर्ट अवकाश आणि १ व अनंत यांच्या मधले एल-क्यू अवकाश त्यात बसतात. संतत फलनांचा अवकाश, एल-वन आणि सी-झिरो (शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकांचा अवकाश) बसत नाहीत.

उपाय दोन. फ दोनदा संतत अवकलनीय असेल तर क व्या सहगुणकाचा नॉर्म दुसऱ्या अवकलजाच्या कमाल नॉर्मला क² ने भागून येणाऱ्या मर्यादेत राहतो, आणि श्रेढी कोणत्याही बानाख अवकाशात निरपेक्ष अभिसारी होते. तेवढी गुळगुळीत नसेल तर फेयेरच्या सरासऱ्या घ्या, म्हणजे क व्या पदाला १ − |क|/(न + १) हे वजन लावा. त्यांचा गाभा धन असतो आणि त्याची सरासरी १, म्हणून संतत फ साठी य कोणताही असला तरी चूक शून्याकडे जाते. मात्र त्या संथ आहेत: फलन कितीही गुळगुळीत असलं तरी चूक १/न च्या वेगापेक्षा झपाट्याने घटत नाही. आधी पहिला उपाय तपासा.

पायरी ६: खऱ्या भरतीवर

भरतीला २४ तासांची फूर्ये श्रेढी लावू नका. तिचे मुख्य घटक एम-टू (१२.४२ तास), एस-टू (१२.०० तास), के-वन (२३.९३ तास) आणि ओ-वन (२५.८२ तास) हे एका मूळ आवर्तनाच्या पटीत नाहीत. फ इथे आवर्ती नसून हाराल्ड बोर यांच्या अर्थाने जवळपास-आवर्ती आहे. सहगुणक म्हणजे एका आवर्तनावरची सरासरी नव्हे, तर लांबत जाणाऱ्या काळावरच्या सरासरीची सीमा. प्रत्येक सहगुणक ही किनाऱ्यावरची संमिश्र वक्ररेषा असते: तिचा मापांक म्हणजे त्या जागचा त्या घटकाचा आवाका, कोन म्हणजे कला. कोकणात भरतीचा आवाका दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातो. ते या वक्ररेषेच्या मापांकात दिसतं. एम-टू आणि एस-टू एका कलेत आले की उधाण, उलट कलेत गेले की भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती.

नोंदी किती दिवसांच्या हव्यात? एम-टू आणि एस-टू वेगळे ओळखायला किमान १४.७७ दिवस, के-वन आणि ओ-वन साठी १३.६६. एस-टू ला के-टू (११.९७ तासांचा घटक) पासून सोडवायचं तर सुमारे १८२.६ दिवस. त्याहून कमी नोंदींवर समीकरणं सुटतात खरी, पण दोन घटकांचे सहगुणक एकमेकांत मिसळतात आणि आकडे अवाच्या सवा येतात.

लघुतम वर्गांची पद्धत लावली तर तिचं मॅट्रिक्स फक्त नोंदींच्या वेळांवर अवलंबून असतं, जागांवर नाही. एकदा सोडवा, सगळ्या बंदरांना तेच लावा. ही मोकळीक टिकते ती सगळीकडच्या नोंदी एकाच वेळांच्या असल्या तरच. एका बंदराच्या नोंदींत खंड असेल तर त्या बंदराचं मॅट्रिक्स वेगळं मांडावं लागतं. शून्य भरून काम भागवू नका.

घड्याळ सगळीकडे एकच ठेवा. एका बंदराच्या नोंदी भारतीय प्रमाणवेळेत आणि दुसऱ्याच्या जागतिक वेळेत असल्या, तर साडेपाच तासांच्या फरकाने एम-टू ची कला सुमारे १५९ अंशांनी सरकते. वक्ररेषा मधेच उलटी झालेली दिसते आणि लोक कारण समुद्रात शोधत बसतात.

दोन बंदरांच्या मधल्या जागेसाठी अंतर्वेशन करायचं ते संमिश्र सहगुणकाचं. आवाका आणि कला वेगवेगळ्या घेऊन सरासरी काढली की ३५० अंश आणि १० अंश यांच्या मध्ये १८० अंश येतात, जिथे ० यायला हवेत. आणि हे अंतर्वेशन उघड्या किनाऱ्यापुरतंच. बाणकोट किंवा दाभोळच्या खाडीत शिरलं की उथळ पाण्यात लाटेचा आकार बिघडतो आणि एम-फोर, म्हणजे ६.२१ तासांचा घटक, डोकं वर काढतो. बाहेरच्या बंदरांवर तो नगण्य असला तरी खाडीतल्या जागांसाठी तो घटक यादीत घालून, तिथल्याच नोंदींवरून सहगुणक काढावे लागतात.